सीमेपलीकडच्या सामन्यांआधी: सिएटल आणि व्हँकुव्हर परिसरातील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
सिएटल आणि व्हँकुव्हर परिसरातील मराठी मंडळांच्या कार्यकारिणींचे सर्व सदस्य

विषय: सीमेपलीकडील सामन्यांसाठीच्या सामूहिक सहली आणि सभासदांची प्रवासाची कागदपत्रे

स.न.वि.वि.

२०२६ च्या जून-जुलैमध्ये होणाऱ्या फुटबॉल विश्वचषकाचे सात सामने व्हँकुव्हरच्या बीसी प्लेसवर आणि सहा सामने सिएटलच्या ल्यूमेन फील्डवर आहेत. ही दोन शहरे एकमेकांपासून सुमारे २३० किलोमीटरवर आहेत आणि त्यांच्या मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आहे. दोन्ही बाजूंच्या मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर बस ठरवण्याची, तिकिटे एकत्र घेण्याची आणि पलीकडच्या मंडळाला जेवणाची व्यवस्था विचारण्याची चर्चा सुरू झालेली दिसते, आणि हा उत्साह पाहून आनंदच होतो. मात्र या सगळ्या आखणीत तिकीट आधी, बस नंतर आणि कागदपत्रांचा विचार सर्वांत शेवटी, असा जो क्रम पडत चालला आहे तो उलटा करावा, आणि तो करताना कोणाही सभासदाला चारचौघांत आपली इमिग्रेशनची स्थिती उघड करावी लागू नये, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या दोन शहरांत सामन्यांसाठी ये-जा करण्याची पद्धत जुनी आहे. सिएटल, व्हँकुव्हर आणि पोर्टलंड येथील फुटबॉल संघांच्या समर्थकांनीच २००४ मध्ये कॅस्केडिया चषक सुरू केला. सिएटलचा क्रॅकन हा हॉकी संघ २०२१ मध्ये खेळू लागल्यापासून व्हँकुव्हरच्या कनक्स या हॉकी संघाचे चाहते हिवाळ्यातही दक्षिणेला येऊ लागले आहेत, आणि टोरांटोचा ब्लू जेज हा बेसबॉल संघ सिएटलला आला की मैदानाचा मोठा भाग ब्रिटिश कोलंबियातून आलेल्या निळ्या सदऱ्यांनी भरतो. या मंडळींपैकी बहुतेकांच्या खिशात अमेरिकेचा किंवा कॅनडाचा पासपोर्ट असतो. सीमेवरचा त्यांचा प्रश्न रांगेत किती वेळ जाईल एवढाच असतो, आणि सामन्यांसाठी प्रवास करणाऱ्यांना मिळणारा बहुतेक सल्ला त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. आपल्या मंडळाच्या एका बसमध्ये मात्र अमेरिकेचे नागरिक, ग्रीन कार्डधारक, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणारे, त्यांचे एच-४ या आश्रितांच्या व्हिसावरील जोडीदार, एफ-१ या शिक्षणाच्या व्हिसावरील विद्यार्थी आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील शेजारी शेजारी बसलेले असतात. पलीकडच्या मंडळातही कॅनडाचे नागरिक, पीआर म्हणजे कायम रहिवासी, वर्क परमिटवाले आणि सुपर व्हिसा या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर आलेले आजी-आजोबा अशीच सरमिसळ असते. सीमेवरचा अधिकारी मंडळ पाहत नाही, एकेका माणसाचे कागद पाहतो.

सिएटलकडून निघणाऱ्यांपैकी अमेरिकी नागरिकांचे काम सर्वांत सोपे आहे, तरी त्यांनीही पासपोर्ट घेऊनच निघावे. साधा वाहनपरवाना, त्यावर रिअल आयडीची (संघराज्याच्या ओळखपत्र-निकषांची) खूण असली तरी, ही सीमा ओलांडण्यासाठी पुरेसा नाही. वॉशिंग्टन राज्य आपल्या नागरिक रहिवाशांना जो एन्हान्स्ड (नागरिकत्वही दाखवणारा) परवाना देते तो रस्त्याने परतताना चालतो. सोळा वर्षांखालील अमेरिकी मुलांना रस्त्याने परतताना जन्मदाखलाही पुरतो. मूल एकाच पालकासोबत किंवा काका-मावशीच्या गाडीतून जात असेल तर न येणाऱ्या पालकाचे सहीनिशी संमतिपत्र सोबत द्यावे. ते न्यावे असा कॅनडाच्या यंत्रणेचाच सल्ला आहे, आणि मुले आपल्या सोयीने एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बसवण्याची आपली सवय पाहता तो आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे.

ग्रीन कार्डधारकांबाबत गैरसमज अधिक आहेत. भारतीय पासपोर्ट असला तरी अमेरिकेच्या कायम रहिवाशाला कॅनडाच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही, आणि २६ एप्रिल २०२२ पासून विमानाने जाण्यासाठीचा ईटीए हा ऑनलाइन प्रवासपरवानासुद्धा लागत नाही. त्यामुळे केवळ व्हिसा नाही म्हणून मागे राहणाऱ्या सभासदांना खरे तर मागे राहण्याचे कारण नाही. मात्र ग्रीन कार्डासोबत वैध भारतीय पासपोर्टही दाखवावा लागतो. नूतनीकरणासाठी पासपोर्ट पाठवून दिलेला असेल तर नुसते कार्ड घेऊन निघू नये.

आता एच-१बी, एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा), एफ-१ आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय. भारतीय पासपोर्टवर यांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतोच. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर आहे याचा येथे काही उपयोग होत नाही. अर्जाचे शंभर कॅनेडियन डॉलर, त्यावर बोटांच्या ठशांसाठी पंच्याऐंशी, मग ठसे देण्याची भेट, आणि मंजुरी आल्यावर पासपोर्ट व्हिसा केंद्राकडे पाठवून परत मिळेपर्यंतची प्रतीक्षा, असा हा क्रम आहे. यात आठवडे जातात आणि त्या काळात काही दिवस पासपोर्ट हातात नसतो. आपली सहलीची सूचना सामान्यतः तीन-चार आठवडे आधी निघते, म्हणजे ती निघते तेव्हाच या सभासदांसाठी उशीर झालेला असतो, आणि तरीही नावे देण्याची शेवटची तारीख सर्वांना एकच असते.

परतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपल्यातल्या अनेकांचा पासपोर्टवरील अमेरिकी व्हिसा संपलेला असतो, पण आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याची सूचना) आणि आय-९४ (प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) वैध असल्याने येथील वास्तव्य पूर्ण कायदेशीर असते. अशा व्यक्तीने कॅनडात तीस दिवस किंवा त्याहून कमी काळ राहून परत यावे, आणि आय-९४ वैध असेल व कॅनडात असताना नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसेल, तर स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा, न करताही प्रवेश मिळू शकतो. या तरतुदीला ऑटोमॅटिक व्हिसा रीव्हॅलिडेशन म्हणतात. एफ-१वर येऊन नंतर येथेच एच-१बी झालेल्यांनाही ती लागू होते. ती नियमात लिहिलेली असली तरी तिकिटे तपासणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ती ठाऊक असतेच असे नाही, म्हणून आय-९४ ची छापील प्रत, आय-७९७ आणि नोकरीचे अलीकडचे पत्र सोबत हवे, आणि सीमेवरून बाहेर पडताना आय-९४ कोणाकडेही जमा करू नये. शनिवारचा सामना पाहून रविवारी परतणाऱ्या माणसासाठी ही सोय अगदी योग्य आहे. मात्र सामन्याला जोडूनच व्हँकुव्हरच्या वाणिज्य दूतावासात स्टॅम्पिंगही उरकून घेऊ असा विचार जो करील, त्याने ही वाट स्वतःच बंद केली असे समजावे.

सर्वांत काळजी वाटते ती नुकत्याच पदवीधर झालेल्या मुला-मुलींची, कारण हेच सभासद सामन्यांना सर्वांत उत्साहाने नावे देतात. ज्यांचे नाव एच-१बीच्या सोडतीत आले आहे, त्यांचे एफ-१ मधून एच-१बीमध्ये जाण्याचे अर्ज नेमके एप्रिल ते सप्टेंबर या काळात प्रलंबित असतात. असा स्थितिबदलाचा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर पाऊल टाकले की तो अर्ज सोडून दिला असे धरले जाते. प्रवास एका दिवसाचा होता, की तिकीट बीसी प्लेसच्या पहिल्या रांगेचे होते, याने त्यात फरक पडत नाही. त्यात १९ सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसवले. देशात राहून स्थितिबदल करणाऱ्यांना ते नाही, परंतु निर्णय होण्याआधी जो देश सोडून गेला त्याच्या अर्जाला ते लागू होईल, असे इमिग्रेशन विभागाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केले. म्हणजे दुपारच्या सामन्याला जाऊन रात्री परत आलेल्या मुलाच्या कंपनीपुढे एक लाख डॉलर भरण्याचा किंवा अर्ज सोडून देण्याचा प्रश्न उभा राहू शकतो. "कॅनडा काय, इथेच तर आहे" असे म्हणून मंडळातले ज्येष्ठ त्याला बसमध्ये बसवतात तेव्हा त्यात प्रेमच असते, पण या एका वाक्याची किंमत किती होऊ शकते हे त्या ज्येष्ठांना बहुधा माहीत नसते. स्वतः पंधरा-वीस वर्षांपूर्वी या टप्प्यातून गेलेल्यांचे ज्ञान त्या काळापाशीच थांबलेले असते, ही गोष्ट आपण सर्वांनी, मीही, लक्षात ठेवलेली बरी.

भारतातून आलेल्या आई-वडिलांनाही कॅनडाचा व्हिसा लागतो. तो असेल आणि ते तीस दिवसांच्या आत परत आले तर सामान्यतः त्यांच्या आय-९४ वरची आधीचीच तारीख पुढे चालू राहते. कॅनडाला जाऊन आले की पुन्हा सहा महिने मिळतात ही कल्पना घेऊन कोणी जाऊ नये. त्यांचा प्रवासी आरोग्यविमा अमेरिकेपुरताच आहे की कॅनडातही चालतो हेही पाहून घ्यावे.

व्हँकुव्हरकडच्या मंडळांची अडचण वेगळी आहे, आणि माझ्या मते अधिक अन्यायाची आहे. तेथील कॅनेडियन नागरिक पासपोर्ट दाखवून पलीकडे जातो, परंतु त्याच्याच घरात राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या पीआर पत्नीला अमेरिकेचा बी-१/बी-२ हा भेटीचा व्हिसा, त्यासाठीची मुलाखत आणि त्या मुलाखतीच्या तारखेची वाट पाहणे, हे सगळे चुकत नाही. व्हिसा असला तरी रस्त्याने प्रवेश करताना आय-९४ घ्यावा लागतो. सहा डॉलर असलेले त्याचे शुल्क २०२५ च्या सप्टेंबरअखेरीपासून तीस डॉलर झाले आहे, आणि अर्ज आधी ऑनलाइन भरून ठेवला तर नाक्यावरचा वेळ वाचतो. परत येताना पीआर कार्ड वैध आहे का हे बसने जाणाऱ्यांनी आवर्जून पाहावे, कारण बस, ट्रेन किंवा विमान यांसारख्या व्यावसायिक वाहनाने परतणाऱ्या कायम रहिवाशाकडे ते असणे आवश्यक धरले जाते. खासगी गाडीने येणाऱ्याची त्याच कारणावरून तेवढी अडवणूक होत नाही. कॅनडात वर्क परमिट किंवा स्टडी परमिटवर असलेल्यांसाठी मात्र एक सोय आहे: परमिट वैध असेल आणि प्रवास केवळ अमेरिकेचा असेल, तर कॅनडाचा संपलेला व्हिसा परतण्यासाठी नव्याने घ्यावा लागत नाही. सुपर व्हिसावर आलेल्या ज्येष्ठांना कॅनडात दीर्घकाळ राहता येते, पण अमेरिकेत जाण्यासाठी त्या व्हिसाचा काहीही उपयोग नाही.

हे सारे वाचून एखादा तत्पर सचिव ताबडतोब एक तक्ता तयार करील आणि नाव, पासपोर्ट, व्हिसाचा प्रकार, संपण्याची तारीख असे रकाने करून तो गटावर टाकील, अशी भीती मला वाटते. असे तक्ते फिरताना पाहिले आहेत. कृपया तसे करू नये. आपल्या समाजात ग्रीन कार्डाच्या रांगेत कोण किती वर्षे आहे, कोणाची नोकरी गेल्यामुळे साठ दिवसांत नवी शोधण्याचे घड्याळ चालू आहे, कोणाचे एक्स्टेन्शन अडकले आहे, या गोष्टी माणसे जवळच्या मित्रालाही सांगत नाहीत, आणि ते स्वाभाविक आहे. सहलीला नाव देण्यासाठी हे उघड करावे लागणार असेल तर पुष्कळ जण "त्या दिवशी जमणार नाही" एवढेच लिहून मोकळे होतात, आणि त्यांचे न येणे आपण उदासीनता समजतो. त्याहून वाईट म्हणजे काही जण संकोचापोटी खोटे लिहितात आणि नाक्यावर अडकतात.

म्हणून मंडळाने माहिती मागवू नये, द्यावी. सूचनेसोबतच कोणत्या स्थितीतल्या माणसाला काय लागते याचे एक पान पाठवावे, त्यात दोन्ही देशांच्या अधिकृत संकेतस्थळांचे पत्ते असावेत, आणि ज्यांचा कोणताही अर्ज प्रलंबित आहे त्यांनी कंपनीच्या वकिलाला विचारल्याशिवाय नाव देऊ नये असे ठळक अक्षरांत लिहावे. प्रत्येकाने घरी बसून आपले आपण ठरवावे आणि मंडळाला फक्त येणार किंवा नाही एवढेच कळवावे. पैसे परत मिळण्याची मुदत कॅनडाच्या व्हिसाला लागणाऱ्या काळाचा विचार करून ठेवावी, आणि नाव मागे घेणाऱ्याला कारण विचारू नये. कार्यकारिणीत याबाबत खासगीत बोलता येईल अशी एखादी जाणती व्यक्ती असेल तर उत्तमच, पण तिने कायद्याचा सल्ला देण्याच्या भरीस पडू नये.

यानंतर बसचा प्रश्न येतो. एकत्र बसमधून गाणी म्हणत जाण्याची मजा मला मान्य आहे, तरीही या प्रवासासाठी बस हे गैरसोयीचे वाहन आहे असे माझे स्पष्ट मत आहे. पीस आर्चचा नाका खासगी गाड्यांसाठी आहे. प्रवासी बस जवळच्या पॅसिफिक हायवे नाक्यावरून जातात, तेथे सर्वांना उतरून तपासणीतून जावे लागते, आणि एकाला अधिक चौकशीसाठी आत नेले तर उरलेल्या सर्वांचा खोळंबा होतो. त्या एकाच्या मनावर त्या वेळी जे ओझे येते ते टाळण्यासारखे आहे. चार-पाच गाड्या केल्या आणि शक्यतो एका घरातली माणसे एका गाडीत बसवली, तर एकाच्या चौकशीने सर्वांचा सामना बुडत नाही. शिवाय गाड्यांना लिंडन–आल्डरग्रोव्ह किंवा सुमास–ॲबट्सफर्ड या पूर्वेकडच्या नाक्यांवरूनही जाता येते. फक्त लिंडन रात्री बंद होते, म्हणून परतीसाठी तेथील वेळा आधी पाहून ठेवाव्यात. नेक्सस (आधीच तपासणी झालेल्या प्रवाशांचे, जलद मार्गिकेचे) कार्ड असलेल्यांनी एक लक्षात ठेवावे, की त्या मार्गिकेतून जाण्यासाठी गाडीतल्या प्रत्येकाकडे, मुलांकडेही, ते कार्ड असावे लागते. मित्राला सोबत घेतले की साध्या रांगेत उभे राहणे आले.

रेल्वेचा पर्याय कागदावर फार आकर्षक आहे. सिएटलचे किंग स्ट्रीट स्टेशन ल्यूमेन फील्डच्या अगदी जवळ आहे, आणि व्हँकुव्हरच्या पॅसिफिक सेंट्रल स्टेशनाजवळून स्कायट्रेन पकडली की पुढच्याच थांब्यावर बीसी प्लेस येते. परंतु ॲमट्रॅक कॅस्केड्सच्या या दोन शहरांदरम्यान दिवसाला दोनच फेऱ्या आहेत आणि रात्रीच्या सामन्यानंतर परतीची गाडी मिळत नाही. २६ जूनला सिएटलमध्ये इजिप्त विरुद्ध इराण आणि व्हँकुव्हरमध्ये न्यूझीलंड विरुद्ध बेल्जियम हे दोन्ही सामने रात्री आठलाच सुरू होणार आहेत, म्हणजे त्या रात्री मुक्काम किंवा मध्यरात्रीचा गाडीप्रवास यांतूनच निवडावे लागेल. मुक्काम करायचा असेल तर दोन्ही मंडळांनी एकमेकांच्या सभासदांना घरे उघडी करावीत, हा आपला जुना आणि उत्तम मार्ग आहेच.

बाद फेरीच्या तारखांकडेही लक्ष वेधतो. सिएटलमध्ये १ आणि ६ जुलैला, व्हँकुव्हरमध्ये २ आणि ७ जुलैला सामने आहेत. १ जुलै हा कॅनडा दिन आणि ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, तोही यंदा अडीचशेवा. विश्वचषक नसतानाही या आठवड्यात नाक्यांवर गर्दी असते. या चार सामन्यांसाठी मंडळाने सामूहिक सहल काढूच नये असे मला वाटते. ज्यांना जायचे आहे त्यांनी आपापले आदल्या दिवशी जावे. त्याऐवजी १९ जूनला सिएटलमध्ये होणारा अमेरिका–ऑस्ट्रेलिया किंवा २१ जूनला व्हँकुव्हरमध्ये होणारा न्यूझीलंड–इजिप्त सामना निवडला तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतील.

तिकिटाबद्दलचा गैरसमजही या निमित्ताने दूर करावा. सामन्याचे तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे, आणि व्हिसा मिळण्याची हमीही नव्हे. अमेरिकेने तिकीटधारकांसाठी मुलाखतीची तारीख लवकर देण्याची फिफा पास नावाची व्यवस्था जाहीर केली आहे, पण तारीख लवकर मिळाली तरी निर्णय नेहमीच्याच निकषांवर होतो. या स्पर्धेची रचनाच पाहा: इजिप्तचा संघ १५ जूनला सिएटलमध्ये, २१ जूनला व्हँकुव्हरमध्ये आणि २६ जूनला पुन्हा सिएटलमध्ये खेळणार आहे. त्याच्यामागे फिरणाऱ्या चाहत्याला कॅनडाचा व्हिसा हवा, आणि अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. इराणच्या सामान्य चाहत्याला तर जून २०२५ च्या प्रवासबंदीमुळे आपल्या संघाचा सामना पाहायला सिएटलला येणेच शक्य नाही; सवलत खेळाडूंना आणि पथकाला आहे, प्रेक्षकांना नाही. तीन देशांनी मिळून स्पर्धा भरवायची आणि तिन्ही देशांत जाण्याची वाट प्रेक्षकाने स्वतंत्रपणे शोधायची, यात आयोजकांना काही विसंगत वाटलेले दिसत नाही. तो विषय आपल्या मंडळांच्या हातातला नसल्याने येथेच सोडतो.

काही लहान गोष्टी थोडक्यात. गांजा वॉशिंग्टन राज्यातही कायदेशीर आहे आणि कॅनडातही, परंतु तो सीमेपलीकडे नेणे हा दोन्ही बाजूंनी गुन्हा आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पूर्वी शिक्षा झालेल्या व्यक्तीला कॅनडा प्रवेश नाकारू शकतो. डिसेंबर २०१८ पासून तेथे हा गुन्हा अधिक गंभीर मानला जातो, आणि अमेरिकी पासपोर्ट असला तरी त्यातून सुटका नाही. हे विधान सूचनेच्या पानावर सर्वांसाठी सारखेच छापावे, म्हणजे ज्याला लागू आहे तो कोणाला न कळता मागे राहू शकेल. डब्यातली फळे, भाज्या आणि मांसाचे पदार्थ विचारल्यावर प्रामाणिकपणे सांगावेत. तिकिटे फोनवर असली तरी सामन्याचा, मुक्कामाचा आणि परतीचा तपशील कागदावर सोबत ठेवावा.

एखाद्याला प्रवेश नाकारला गेला तर काय करायचे हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे. अधिकाऱ्याशी गटाने हुज्जत घालू नये. ती व्यक्ती मागे फिरेल तेव्हा तिच्यासोबत कोण जाईल, लहान मूल असेल तर ते कोणासोबत राहील, आणि दक्षिणेला ब्लेन किंवा उत्तरेला सरे येथून तिला घरी कोण पोहोचवील, यासाठी दोन्ही मंडळांनी प्रत्येकी एका स्वयंसेवकाचे नाव आणि गाडी राखून ठेवावी. सूचनेच्या तळाशी "सीमेवरील अडचणींना मंडळ जबाबदार राहणार नाही" हे वाक्य छापले की कर्तव्य संपले असे मानण्याची प्रथा आहे. कायद्याच्या दृष्टीने ते वाक्य असू द्यावे, पण रात्री अकरा वाजता नाक्यावर एकट्या उभ्या राहिलेल्या सत्तर वर्षांच्या आजोबांसाठी मंडळाने गाडी पाठवलीच पाहिजे.

आणि जे जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी त्याच दिवशी आपल्या बाजूला सामना एकत्र पाहण्याचा कार्यक्रम ठेवावा. तो सहलीइतक्याच गांभीर्याने आखावा, त्याची सूचना त्याच पत्रकात, त्याच आकाराच्या अक्षरांत असावी, आणि कार्यकारिणीतील निम्म्या सदस्यांनी तेथे थांबावे. सगळे पदाधिकारी बसमध्ये आणि उरलेले सभासद घरी, अशी विभागणी झाली तर ती पासपोर्टच्या रंगावर झालेली विभागणी ठरते, कोणाच्याही मनात तसे नसले तरी.

आपल्या पुढच्या बैठकीत तीन निर्णय व्हावेत अशी विनंती आहे: माहितीचे पान कोण लिहिणार, पैसे परत करण्याची मुदत कोणती, आणि दोन्ही मंडळांचे नाक्याजवळचे स्वयंसेवक कोण. हे ठरण्यापूर्वी बसची आगाऊ रक्कम भरू नये. माहितीचे पान लिहिण्याचे काम मी आनंदाने करीन. ते छापण्यापूर्वी इमिग्रेशनचे काम करणाऱ्या, दोन्ही देशांतील एकेका वकिलाकडून तपासून घ्यावे आणि त्यांचे शुल्क सहलीच्या खर्चात धरावे.

कळावे,
आपला नम्र,
सिएटल परिसरातील एक सभासद